दुर्मिळ पक्ष्यामागे पळताय? मग या चुका टाळा

ग्रुपवर मेसेज पडतो की अमुक तळ्यावर तमुक पक्षी आलाय, आणि तासाभरात लोक निघालेले असतात. मीपण निघायचे. एकदा पहाटे तीनला उठून गेले, तिथं आधीच वीस-पंचवीस कॅमेरे लागलेले, चार तास उभं राहिल्यावर पक्षी लव्हाळ्यातून बाहेर आला, मिनिटभर दिसला, फोटो मिळाला आणि सगळे पांगले. आज मला कुणी विचारलं की तो तेव्हा काय करत होता, काही टिपत होता की नुसता उभा होता, तर सांगता येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. दुर्मिळ पक्षी बघायला जाऊच नका असं माझं म्हणणं नाही, जा की, पण यादीत टिक करण्यापुरतं बघू नका.

आता नेहमीची तक्रार, "आमच्याकडे पक्षीच दिसत नाहीत". बहुतेक वेळा आपण चालत असतो, बोलत असतो, मधेच फोन काढतो. आपण आलो की पक्षी गप्प होतात नाहीतर आत सरकतात. यावर उपाय एकच, झाडाला टेकून बसा आणि वीस मिनिटं हलू नका. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, मग आधी एक बुलबुल खाली येतो, मग पानांत शिंपी पक्षी खुडबुड करायला लागतो, आणि थोड्या वेळानं तुम्ही तिथं आहात हे ते जवळजवळ विसरूनच जातात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते "हा काय, रोजचाच आहे" म्हणून मान फिरवल्यामुळे. तांबट घ्या. टुक टुक टुक आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो आवाज काढताना त्याची चोच बंद असते हे किती जणांनी बघितलंय? मी एका वाळक्या फांदीवर बसलेला तांबट अर्धा तास बघितला, प्रत्येक टुकला गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी फुगायची आणि बसायची, मधेच तो मान वळवायचा आणि आवाज एकदम दुसऱ्याच झाडावरून आल्यासारखा वाटायचा. चिमणी टुणटुण उड्या मारत जाते आणि साळुंकी चक्क एकेक पाऊल टाकत चालते, हेही असंच बसल्या बसल्या कळलं.

सलीम अलींचं एक गाजलेलं काम तर सुगरणीवरच आहे, १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला केलेलं. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीला पसंत पडलं की तो ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो, हे सगळं रोज तिथं बसून बघितल्यावरच उलगडलं. तिकडे अमेरिकेत पक्षी अभ्यासक मार्गारेट मोर्स नाइस यांनीही तेच केलं, ओहायोमधल्या आपल्या घराजवळच्या साध्या साँग स्पॅरोंच्या पायात रंगीत कड्या घातल्या आणि एकेक पक्षी ओळखून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या.

डोक्यात दुर्मिळ पक्षी बसला की नेहमीचेच पक्षी वेगळे दिसायला लागतात. ठिपकेदार तपकिरी काहीतरी दिसलं की आधी कोकिळेची मादी आठवा, नर तेवढा काळा असतो. विणीच्या दिवसांत वंचकाची, म्हणजे तळ्याकाठच्या छोट्या तपकिरी बगळ्याची, पाठ तांबूस होते, तोच पक्षी ओळखू येत नाही. पिल्लं, पिसं झडलेले पक्षी, पाठीमागून येणारा उजेड, हे सगळं तपासून झालं की मगच ग्रुपवर टाका.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा, ही मात्र चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो, आणि आपल्यामागून आलेला दुसरा ग्रुप परत तेच वाजवतो. लांबून आलेल्या स्थलांतरितांच्या बाबतीत जवळ जाऊन उडवणंही तितकंच वाईट. २०२२ मध्ये एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडाल्याची नोंद आहे, असा पक्षी चिखलात चोच घालतोय तर त्याला पोटभर खाऊ दे ना! घरट्याचं लोकेशन तर टाकूच नका. पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ईबर्ड या वेबसाइटवरसुद्धा काही संवेदनशील जातींची नेमकी जागा लपवलेली असते ती याच कारणासाठी.

दुर्बिणीचं थोडक्यात सांगते. ८x४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) नवीन माणसाला बरी पडते, १० पटीच्या पुढे हात हलला की चित्रही हलतं. धूसर दिसत असेल तर उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचा फोकस करा, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची रिंग फिरवा, हे एकदाच करायचं असतं. आणि पक्षी दिसला की नजर खाली आणू नका, डोळे त्याच्यावरच ठेवून दुर्बीण वर आणा, निम्मे पक्षी आपण इथंच गमावतो.

वही ठेवा. नावाच्या पुढे एक ओळ तरी, काय करत होता. माझ्या वहीत कालच्या पानावर एवढंच आहे: शिंजीर मादी, कोळ्याचं जाळं चोचीत, चार फेऱ्या, पाचव्यांदा नर मागून आला पण रिकाम्या चोचीनं.