घरच्या एसयूव्हीला ट्रेलर हिच बसवताना: आधी वजनाचा हिशेब, मग बोल्ट

अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाला हिचची गरज बहुतेक दोन कारणांनी पडते. घर बदलताना भाड्याचा ट्रेलर ओढायचा असतो, नाहीतर सुट्टीत सगळ्यांच्या सायकली सोबत न्यायच्या असतात. गाडीच्या चॅसीला मागून बोल्टने बसणारी हिच साधारण २०० ते ३०० डॉलरना मिळते. दोन माणसे आणि नीट हत्यारे असतील तर अर्ध्या दिवसात ती ड्राइव्हवेमध्येच बसवता येते. काम अंगमेहनतीचे आहे, फार अवघड नाही. लोक चुकतात ते त्याच्या आधी, आकडे वाचताना.

किती वजन ओढता येईल याचा एक आकडा हिचवर छापलेला असतो, बॉलवर (ट्रेलर ज्यावर अडकतो तो लोखंडी गोळा) दुसरा, बॉल माउंटवर (हिचमध्ये घालायचा, बॉल धरणारा दांडा) तिसरा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये चौथा. या चारांत जो सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा. होंडा सीआर-व्हीचे पेट्रोल मॉडेल अमेरिकेत १,५०० पौंड ओढू शकते. तिला बसणाऱ्या दोन इंची हिचवर ३,५०० किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो. तो फक्त त्या लोखंडाचा आकडा आहे. गिअरबॉक्स, ब्रेक आणि मागचे सस्पेन्शन पूर्वीचेच राहतात. ट्रेलर भाड्याने देणाऱ्या यू-हॉल कंपनीचा चार बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामाच ८५० पौंडांचा असतो. म्हणजे सीआर-व्हीमागे त्यात जेमतेम ६५० पौंड सामान भरता येते. मोठा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पुस्तकांचे थोडे खोके ठेवले की संपले.

टोयोटा हायलँडरचे पेट्रोल मॉडेल ५,००० पौंडांपर्यंत ओढते, हायब्रिड ३,५००. होंडा पायलटमध्ये ऑल-व्हील ड्राइव्हला ५,००० आणि फ्रंट-व्हीलला ३,५००. काही मॉडेलना हा मोठा आकडा गिअरबॉक्स ऑइलचा वेगळा कूलर बसवल्यावरच लागू होतो, म्हणून आपल्याच वर्षाचे आणि आपल्याच ट्रिमचे (मॉडेलच्या उपप्रकाराचे) मॅन्युअल बघा. शेजाऱ्याची गाडी तीच दिसत असली तरी तिचा आकडा आपला धरू नका.

त्यानंतर येतो टंग वेट, म्हणजे ट्रेलरचे नाक बॉलवर जितका भार टाकते तो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तो असायला हवा. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर डुलू लागतो. जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. हा सगळा भार गाडीत बसलेल्या माणसांच्या वजनात मिळवायचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतात ते लिहिलेले असते. समजा तिथे १,२०० आहेत आणि आजी-आजोबा धरून गाडीत सहाजण बसलेत, मिळून ८५० पौंड. ३,५०० पौंडांच्या ट्रेलरचा १२ टक्के भार ४२० झाला. बेरीज १,२७०. डिकीत एकही बॅग नसताना गाडी मर्यादेबाहेर गेली. हिचचे स्वतःचे ४०-५० पौंडही यातच धरा. घर बदलण्याच्या दिवशी ट्रेलर एका गाडीने आणि माणसे दुसऱ्या गाडीने नेणे म्हणूनच बरे.

सायकलींनाही हाच हिशेब लागतो. चार सायकली प्रत्येकी ३५ पौंडांच्या, रॅक ५० पौंडांचा, एकूण १९०. १,५०० पौंड ओढणाऱ्या गाडीचा टंग वेट १० टक्क्यांच्या हिशेबाने १५०च भरतो, म्हणजे हा भार मर्यादेबाहेर. इलेक्ट्रिक सायकली तर ५०-७० पौंडांच्या असतात. रॅक लांबवणारे एक्स्टेन्शन लावले तर हिचची क्षमता बहुधा निम्मी धरावी लागते, कारण भार जितका मागे जाईल तितका बोल्टवरचा ताण वाढतो.

रिसीव्हर, म्हणजे हिचचे चौकोनी तोंड, अशा गाड्यांसाठी साधारण सव्वा इंची आणि दोन इंची अशा दोन मापांत मिळते. फक्त सायकली न्यायच्या असल्या तरी दोन इंचीच घ्या. बहुतेक चांगले रॅक त्याच मापाचे येतात आणि डुलतातही कमी. मागवताना वर्ष, मॉडेल, ट्रिम आणि हायब्रिड आहे की नाही हे तपासा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल, तर हिच बसल्यावर ती खाली उतरवता येते ना, हेही आधीच पाहा.

हत्यारांत रॅचेट आणि मेट्रिक सॉकेटचा संच, एक लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, बोल्ट आवळणारा पाना), नायलॉनचा गोल ब्रश, गंज सोडवणारे तेल, जॅक स्टँड किंवा रॅम्प आणि सुरक्षा चष्मा लागतो. चष्मा विसरू नका. गाडीखाली झोपल्यावर गंजाचा चुरा थेट डोळ्यांत पडतो. गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना ठोकळे द्या आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या.

बऱ्याच गाड्यांच्या चॅसीत कारखान्यातूनच वेल्ड केलेले नट असतात, त्यांवर रबरी बूच किंवा टेप असते. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते, तिथे हे नट आतून गंजतात. आदल्या रात्री त्यांत तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या गोल ब्रशने आटे साफ करा, गंज हटत नसेल तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) हलक्या हाताने फिरवा. यानंतर तेल पुसून घ्या, कारण टॉर्कचे आकडे बहुतेक कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तेलकट आट्यावर तोच टॉर्क दिला की बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. प्रत्येक बोल्ट हिचशिवाय, नुसत्या बोटांनी आत जातो का ते आधीच पाहा. वाकडा शिरलेला बोल्ट पान्याने दामटला तर आटे जातात, आणि चॅसीतला नट सुटून फिरू लागला की वेल्डिंगवाल्याकडे जाण्यावाचून इलाज उरत नाही.

काही गाड्यांत नट नसतात, चॅसीला फक्त भोके असतात. तिथे बोल्ट आतून बाहेर ओढावा लागतो. किटमध्ये एक गुंडाळलेली तार येते. ती बोल्टच्या भोकातून आत घालून बाजूच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्यात आधी चौकोनी स्पेसर (बोल्टच्या डोक्याखाली बसणारी लोखंडी चकती) ओवायचा, मग टोकाला बोल्ट फिरवून बसवायचा आणि दोन्ही परत ओढून घ्यायचे. स्पेसर विसरला तर बोल्टचे डोके भोकातून ओढले जाऊ शकते. नट लावेपर्यंत तार काढू नका. बोल्ट आत पडला तर तो चुंबकाने शोधण्यात तास जातो.

हिचला जागा करण्यासाठी सायलेन्सर थोडा खाली घ्यावा लागतो. त्याचे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने ओले केले की सळईवरून सरकतात. सायलेन्सर मोकळा लोंबकळू देऊ नका, पट्ट्याने बांधून ठेवा. बंपरखालच्या प्लॅस्टिकला खाच पाडायची असेल तर टेप लावून रेघ आखा आणि सुरुवातीला कमीच कापा.

आता हिच उचला. एकाने दोन्ही हातांनी धरायची आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट हाताने लावायचा. सर्व बोल्ट सैल लागले, हिच मधोमध आली, की मगच आवळा. एक बाजू आधी घट्ट केली तर दुसऱ्या बाजूची भोके जुळत नाहीत. एम-१२ (१२ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला साधारण ८० ते ९० फूट-पौंड टॉर्क दिलेला आढळतो, पण तुमच्या किटच्या कागदावरचाच आकडा पाळा. इम्पॅक्ट गनने (ठोके देत आवळणाऱ्या यंत्राने) शेवटचे आवळू नका. हायब्रिड गाडीत केशरी केबल हाय व्होल्टेजची असते, तिच्याजवळ ड्रिल चालवू नका.

सायकलींसाठीच हिच असेल तर काम इथे झाले. ट्रेलर ओढायचा असेल तर दिवे लागतात. चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थिंगची, तपकिरी टेल लाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची आणि हिरवी उजव्या इंडिकेटर-ब्रेकची. अनेक एसयूव्हींमध्ये इंडिकेटर वेगळा पिवळा आणि ब्रेक वेगळा लाल असतो, तर साध्या ट्रेलरवर दोन्ही एकाच बल्बमध्ये. म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवा. बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणाराच घ्या, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांचा भार गाडीच्या नाजूक सर्किटवर पडत नाही. बॅटरीपर्यंत वायर नेताना फ्यूज सर्वांत शेवटी घाला. अर्थिंगचा स्क्रू रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच बसवा. इंडिकेटर दिल्यावर दोन्ही दिवे मंद लुकलुकले, तर आधी अर्थिंगच तपासा.

बॉल ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर) लिहिलेल्याच मापाचा घ्या: १ ७/८, २ किंवा २ ५/१६ इंच. लहान बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात उडून निघतो. ट्रेलर जमिनीला समांतर राहील असा उंच किंवा खोल बॉल माउंट निवडा. एक इंची दांड्याच्या बॉलचा नट २५० फूट-पौंडांच्या आसपास आवळावा लागतो. घरच्या टॉर्क रेंचने हे बहुधा जमत नाही, दुकानातूनच करून घ्या.

सामानाचा ६० टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात ठेवा. साखळ्या कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावा, वळणाला पुरतील इतक्या सैल. जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे असतात. अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांवर आहे, कॅलिफोर्नियात १,५०० वरच. तिथे ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादाही ताशी ५५ मैल आहे. ट्रेलर डुलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. जोरात ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सावरायलाही जाऊ नका.

पहिल्या ५० मैलांनंतर सगळ्या बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा. ओढायचे काही नसेल तेव्हा बॉल माउंट काढून डिकीत ठेवा: तो मागच्या सेन्सरला सतत वाजवतो, काही राज्यांत नंबरप्लेट झाकली म्हणून दंड होतो, आणि पार्किंगमध्ये चालणाऱ्याची नडगी त्यावर आपटते.