जुन्या मोटरसायकलचं टॉप एंड बांधताना या चुका टाळा

टॉप एंड म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टन हा इंजिनचा वरचा भाग. हेडचा पहिला नट सैल करण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि मग चुकीच्या भागावर खर्च होतो. इंजिन गरम करा, प्लग काढून गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंग (पिस्टनवरचं कडं) आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) यांमधून आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट तपासा. धूरही बरंच सांगतो. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडल्यावर निळा लोट आला तर व्हॉल्व गाइड (व्हॉल्वची दांडी जिच्यात सरकते ती नळी) झिजलेले असतात. चढावर, लोडवर सतत निळा धूर असेल तर रिंगा. गाइडचा धूर नव्या रिंगांनी थांबत नाही.

पुढचं सगळं एअर-कूल्ड, फोर-स्ट्रोक, बिडाचा बोअर असलेल्या सिंगल सिलिंडर इंजिनाबद्दल आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

खोलताना

हेड थंड असतानाच खोला. गरम अॅल्युमिनियम वाकतं. नट समोरासमोरच्या क्रमाने, एका वेळी पाव फेरा सैल करा. अडकलेला बोअर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. फिन तुटतात आणि गॅस्केटच्या पृष्ठभागावर पडलेला चरा नंतर कायम ऑइल गाळतो. लाकडी ठोकळा धरून हलके ठोके मारा. बोअर पिस्टनवरून सुटण्याआधीच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कारण तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा उडालेली सर्कलिप (गजन पिन जागेवर धरणारी क्लिप) आत गेली तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं. गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) निघत नसेल तर पिस्टन हॉट एअर गनने ७०-८० अंशांपर्यंत तापवा. आडवा हातोडा मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

बोअर, पिस्टन आणि रिंगा

बोअर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त, आणि त्याच्या वर न झिजलेली कडा उरते. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, एकूण सहा मापं घ्या. नुसतं नखाने चाचपून ‘बोअर ठीक आहे’ म्हणणं हे मोजणं नव्हे. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या तर नवी धारदार रिंग वरच्या कडेवर आपटते आणि तुटते.

ओव्हरसाइज (बोअर कापून मोठा) करायचं ठरलं तर आधी पिस्टन घ्या, मग त्या पिस्टनवरून बोअर करून घ्या. ‘०.५० करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं करू नका. एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही थोडा फरक असतो. पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर), गजन पिनच्या काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर मोजायचा. तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता बनवलेला असतो. माथ्याजवळ मोजलात तर माप कमी येतं, त्यावरून बोअर घट्ट होतो आणि पहिल्याच लांब फेरीत इंजिन जाम होतं. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्यामुळे कास्ट पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक) त्याला वापरू नका.

पाकिटातल्या रिंगेचा गॅप (दोन टोकांमधली फट) बरोबर असेलच असं धरू नका. प्रत्येक रिंग बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या माथ्याने साधारण २५ मिमी आत सरळ ढकला आणि फीलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब दर २५ मिमी बोअरमागे ०.१० मिमी, म्हणजे ७० मिमी बोअरला साधारण ०.२८ मिमी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर खरवडते. बारीक कानस एकाच टोकावर, बाहेरून आतल्या बाजूला चालवा, म्हणजे क्रोमचा थर उडत नाही.

होनिंगनंतरची (बोअरला दगडाने आतून बारीक रेघा पाडल्यानंतरची) सफाई हीच बहुतेक नव्या बांधणीची खरी परीक्षा. पेट्रोल किंवा रॉकेल ऑइल धुऊन काढतं, पण दगडाची भुकटी रेघांमध्ये तशीच राहते आणि रिंगांवर पॉलिश पेपरसारखी चालते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घ्या. कोरडं पांढरं कापड फिरवल्यावर करडा डाग यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. मग लगेच पुसून ऑइल लावा, नाहीतर बघता बघता गंज चढतो.

हेड

क्रम असा: आधी गाइड, मग सीट (व्हॉल्व जिच्यावर बसतो ती कडा) कटिंग, शेवटी पेस्टने ग्राइंडिंग. नवा गाइड बसवला की व्हॉल्वची मध्यरेषा सरकते, म्हणून सीट कापावीच लागते. ग्राइंडिंग पेस्टने ती चूक भरून काढायला गेलात तर सीट रुंद होते आणि व्हॉल्व आत बुडतो. जुळल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. चेंबरच्या बाजूला ओल दिसता कामा नये. पेस्टचा कणही मागे ठेवू नका.

जोडताना

रिंगेवरची खूण किंवा अक्षर वर, तिन्ही गॅप १२० अंशांवर. सर्कलिप नेहमी नवी, आणि तिचं तोंड वर किंवा खाली ठेवा. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या ये-जेच्या झटक्यांनी ती दबून निसटू शकते. सिलिकॉन सीलंट जाड लावू नका. आत पिळून आलेली सुरळी तुटते, ऑइलचं भोक बंद करते आणि रॉकर कोरडे फिरतात. तांब्याचं हेड गॅस्केट लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ होतं (पाण्याने कडक होतं ते पोलाद, तांबं नव्हे). कंपोझिट गॅस्केट मात्र दुसऱ्यांदा वापरू नका.

टॉर्क (नट आवळण्याचा ठरलेला जोर) तीन टप्प्यांत, समोरासमोर. आट्यांना ऑइल लावलं तर त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे म्हणतं की ऑइल लावलेले, ते आधी पाहा. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका, टायमिंगच्या खुणा पुन्हा तपासा.

सुरू केल्यावर

गॅस्केट पहिल्या गरम-थंड चक्रात दबतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा, त्यानंतरच टॅपेट (व्हॉल्वची मोकळीक) लावा. पुशरॉड इंजिनात हेड खाली बसलं की टॅपेटचा क्लिअरन्स कमी होतो.

स्टँडवर आयडलला पंधरा मिनिटं चालवून ‘बसवू’ नका. रिंगेमागे गॅसचा दाब गेला तरच ती बोअरला दाबली जाते. मध्यम थ्रॉटल, मग सोडणं, पुन्हा मध्यम. मिनरल ऑइल वापरा आणि पहिलं ऑइल ५०-८० किमीला बदला.

५०० किमीनंतरही निळा धूर असेल तर ऑइल घालून कॉम्प्रेशनची तीच चाचणी परत करा. इंजिन तापतंय आणि ताकद पडतेय, तर आधी कार्ब्युरेटरच्या जोडावरची हवेची गळती आणि इग्निशन टायमिंग बघा. सगळ्या जोडांतून एकदम ऑइल पाझरू लागलं तर गॅस्केट बदलायला धावू नका. ब्रीदरची (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी) नळी काढून फुंकून पाहा, बहुतेक ती तुंबलेली असते.