मुद्दाम कुणी करत नाही, तरीही या चुका टाळा

आज चारचौघांना त्रास द्यायचाच, असं ठरवून कुणी घराबाहेर पडत नाही. तरी त्रास होतोच, कारण आपला आवाज किती लांब जातो आणि आपण कुणाच्या वाटेत उभे आहोत, हे आपल्यालाच कळत नसतं.

फोनवर चढत जाणारा आवाज

गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला ‘लोम्बार परिणाम’ म्हणतात. कानात हेडफोन असले तर पंचाईत वाढते, कारण स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. बोलताना एक कान मोकळा ठेवा. समोरच्याला ऐकू येत नसेल तर ओरडण्याऐवजी माइक तोंडाजवळ आणा. तरीही जमत नसेल तर ‘उतरल्यावर बोलतो’ म्हणून फोन ठेवून द्या.

शेजारी दोघं गप्पा मारत असले तर आपलं फारसं बिघडत नाही, मग फोनवरचा एकटा माणूस का खटकतो? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अर्धंच संभाषण कानावर पडलं की पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि लक्ष तिकडेच ओढलं जातं. म्हणजे ऐकणारा चोंबडा नसतो, त्याचा मेंदू बिचारा रिकाम्या जागा भरत बसतो. स्पीकर लावून बोलणं हा यावरचा तोडगा नव्हे, हेही सांगावं लागतं!

‘आवाज कमी केला, तरी शेजारी तक्रार करतातच’

ते खोटं बोलत नसतात. गाण्यातले शब्द भिंत बऱ्यापैकी अडवते, घुमणारा खालच्या पट्टीतला आवाज मात्र पार जातो. तेव्हा आधी बेस कमी करा आणि स्पीकर भिंतीपासून, जमिनीवरून हलवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवा. काम पाच मिनिटांचं आहे. खालच्यांची झोप त्यावर अवलंबून असू शकते.

दारात घुटमळणं

लिफ्ट असो वा गाडी, आतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांना जागा होत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि दार उघडताच सगळे विसरतात. सरकत्या जिन्यावरून उतरल्या उतरल्या फोन बघायला थांबणं तर धोक्याचंच. मागच्याला थांबायचं असलं तरी पायऱ्या त्याला पुढेच ढकलत असतात. चार पावलं बाजूला व्हा, मग काय ते बघा.

घरात शिरताच सौजन्य चपलांबरोबर काढून ठेवणं

परक्याला ‘जरा सरकता का?’ म्हणणारे आपण घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून कामं सांगतो. मग ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला ऐकूच आलं नाही’ हा वाद ठरलेला. उठून जवळ जा आणि बोला. बंद दारावर टकटक करायची ती मुलांच्या खोलीबाहेरही. कुणी बोलत असताना स्क्रीनवरची नजर न काढता हुं-हुं करण्यापेक्षा ‘दोन मिनिटं थांब, हे संपवतो’ म्हटलेलं बरं. मात्र मग दोन मिनिटांनी खरंच विचारा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

‘सॉरी, पण...’

‘पण’ आला की माफीचा खुलासा होतो. ‘चुकलं माझं’ एवढं पुरतं. कारण विचारलं तर सांगा. आणि चूक दुसऱ्याची असेल तर त्याच्या स्वभावावर घसरू नका. ‘तुम्हाला काही रीतभात?’ म्हटलं की भांडण पेटतं. ‘आवाज जरा कमी कराल का, बाळ झोपलंय’ म्हटलं की आवाज बहुधा कमी होतो. नाहीच झाला, तर शक्य असल्यास जागा बदला. प्रवासात अनोळखी माणसाला वळण लावायचं काम कुणी आपल्यावर सोपवलेलं नाही.