थंडीत जुनी बुलेट चालू करायची तर

डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाडला पारा कधीकधी ५ च्या खाली जातो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात आणि सकाळी जुन्या बुलेटवाल्यांच्या दारात किका सुरू. माणूस घामाघूम, गाडी ढिम्म. अहो, ती जोरावर नाही, करंट दाखवणाऱ्या मीटरच्या (अ‍ॅमीटरच्या) काट्यावर चालू होते. हे जुन्या कास्ट आयर्न, पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क म्हणजे पॉइंट) गाडीचं सांगतोय, सेल्फवाल्यांनी बटण दाबा नि निघा.

न्यूट्रल बघा, पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून जरा जादा पेट्रोल लागतं. चावी बंद ठेवून, क्लच दाबून दोन-तीन किका मारा, रात्रभरात ऑइल घट्ट होऊन क्लच प्लेटा चिकटलेल्या असतात त्या सुटतात, मग क्लच सोडून अजून दोन-तीन.

आता चावी चालू करा आणि हेडलाइटवरच्या अ‍ॅमीटरकडे बघत किक हळूहळू दाबा. काटा मायनसकडे पडतो, परत मधे येतो. काटा मधे आणि किक कडक, हीच ती जागा. इथे डावीकडचा डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी लिव्हर) दाबून किक इंचभर खाली ढकला, डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि सगळं अंग टाकून एकच लांब किक. रेस अजिबात नाही. हात शिवशिवतो, माहितीय, तरी नाही. अर्धवट किक मारली की ती उलटा झटका देते, मी एकदा स्लीपर घालून हा शहाणपणा केला नि आठ दिवस लंगडत होतो, तेव्हा बूट घाला.

चालू झाली की मिनिटभराने ठोके एकसारखे पडायला लागले की चोक काढा, विसरलात तर प्लग काळा.

सात-आठ किकांत काही नाही आणि पेट्रोलचा वास यायला लागला म्हणजे ओव्हरफ्लो झाली. चावी बंद, चोक काढा, रेस पूर्ण खोला, डिकॉम्प्रेसर दाबून पाच-सात किका आणि मग चोक न लावता परत काट्यावर. तरी नाही तर प्लग काढून कोरडा करा. रोजचंच असेल तर पॉइंटचा गॅप तपासा, ०.३५ ते ०.४० मिमी हवा, पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. आणि बॅटरीच पार उतरली असेल तर धक्का मारूनही फारसं काही होत नाही, ठिणगीच पडत नाही, शेजाऱ्याची स्प्लेंडर मागा नि दूध घेऊन या.