जनुकीय आजार असलेल्या मुलाचा कणा वाकू लागतो तेव्हा : या चुका टाळा

‘सरळ बस’ म्हणून मागे लागणं

मूल आळसाने वाकडं बसत नसतं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी (एसएमए) किंवा डुशेन या स्नायू कमजोर करत जाणाऱ्या आजारांमध्ये पाठीच्या स्नायूंना कणा तोलून धरायची ताकदच पुरत नाही. मूल एका अंगावर कलतं, कमरेचं हाड एका बाजूने वर उचललं जातं आणि त्यावरचा अख्खा कणा धनुष्यासारखा बाक धरतो. बाकाच्या आतल्या बाजूला मणक्यांवर दाब जास्त, म्हणून तिथे हाड कमी वाढतं, आणि त्यामुळे बाक आणखी वाढतो. उंची भराभर वाढायच्या काळात हे चक्र वेग घेतं. बोलून उपयोग नाही, बैठक बदला : खाली सपाट आणि घट्ट गादी, छातीला दोन्ही बाजूंनी आधार, पावलं टेकलेली. झोळीसारखी खोलगट खुर्ची नकोच.

झोपवून काढलेल्या एक्स-रेवर विसंबणं

आडवं झाल्यावर कण्यावरचा भार जातो आणि बाक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. उभं राहता येत असेल तर उभ्याने, नाहीतर बसवून, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत एकाच फिल्मवर एक्स-रे काढायला सांगा. पुढच्या वेळीही तसाच. एकदा ब्रेस (कण्याला आधार देणारा कडक पट्टा) घालून आणि एकदा काढून घेतलेल्या फिल्मची तुलना होत नाही.

एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन (कॉब कोन) १० अंश किंवा जास्त असला की त्या बाजूला गेलेल्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्यातच सुमारे ५ अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे २२ चे २५ झाले म्हणून लगेच हादरू नका. मात्र एसएमएमध्ये कोन २० च्या पुढे गेला की हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

ब्रेसवर सगळी भिस्त

एसएमएमध्ये ब्रेस बसायला आधार देतो, बाक थांबवत नाही. ही मुलं पोटाने श्वास घेतात, म्हणून ब्रेसला पोटावर खिडकी हवीच. डुशेनमध्ये तर ब्रेस सुचवतच नाहीत.

सगळ्या आजारांना एकच माप

न्यूरोफायब्रोमॅटोसिस १ या नसांवर गाठी येणाऱ्या आजारात हाडच कमकुवत असू शकतं. ४ ते ६ मणक्यांतला आखूड, टोकदार बाक दिसला तर थांबून बघण्यात वेळ घालवू नका, एमआरआय करून घ्या. मार्फन या संयोजी ऊतींच्या आजारात हाडांना जोडणारे अस्थिबंध सैल असतात. तिथे ऑपरेशनआधी हृदयाचा इको (सोनोग्राफी) आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, म्हणजे महाधमनीचं, माप लागतं. अकोन्ड्रोप्लेजिया या हाडांची वाढ खुंटवणाऱ्या आजारात बाळाचं डोकं मोठं, धड लुळं. अशा बाळाला लवकर आधाराशिवाय बसवलं तर पाठीला कुबड येतं, आणि ही चूक घरच्या घरी टाळता येते.

ऑपरेशन पुढे ढकलत राहणं

कोन ५० च्या पुढे जाऊन वाढत राहिला तर कणा सरळ करायचं ऑपरेशन लांबवू नका : दरम्यान फुप्फुसंही कमजोर होतात आणि भूल देण्याचा धोका वाढतो. एसएमएच्या मुलाला कण्यात सुई टोचून औषध देत असाल किंवा पुढे द्यायचं असेल, तर सर्जनना आधीच सांगा. कमरेच्या भागात सुईसाठी जागा मोकळी ठेवता येते, पण ते ऑपरेशनच्या आधी ठरवावं लागतं.