‘इंडिफरंट’ लिहिण्यापूर्वी

वाशी किंवा ऐरोली यांपैकी कोणत्याही कार्यालयात रुजू होण्याची तयारी कळवताना अर्जात ‘आय अ‍ॅम इंडिफरंट टु द लोकेशन’ असे लिहिले, तर व्याकरण बिनचूक असूनही उमेदवार बेफिकीर वाटण्याचा धोका असतो. म्हणून हे विशेषण वापरण्यापूर्वी मनातल्या मराठी वाक्यात ‘काही सोयरसुतक नाही’ हे शब्द घालून पाहावेत. ‘प्रवाशांच्या हालांचे त्यांना काही सोयरसुतक नाही’ अशा वाक्यात ते चपखल बसतात. तेथे ‘इंडिफरंट’ निःशंकपणे वापरावे आणि त्यापुढे ‘टु’ लावावे. केवळ ‘कोणतेही चालेल’ एवढेच सांगायचे असेल, तर ‘आयदर लोकेशन इज फाइन’ हे सरळ वाक्य पुरेसे आहे, आणि निःपक्षपातीपणा अभिप्रेत असेल, तर ‘इम्पार्शल’ लिहावे. ‘डिफरंट’च्या उलट म्हणजे ‘सारखा’, हा अर्थ मात्र मुळीच लावू नये.

एक सावधगिरी बाळगावी: वस्तूला किंवा कामगिरीला लावल्यास याच शब्दाचा अर्थ ‘जेमतेम’ असा होतो. त्यामुळे ठाण्यातील एखाद्या खाणावळीबद्दल ‘द फूड वॉज इंडिफरंट’ असे लिहिले, तर ती सौम्य शब्दांतील तक्रारच ठरते.