गोगलगायीतलं नायट्रिक ऑक्साइड मोजताय? या चुका टाळा

परवा पुन्हा एक मुलगी गुलाबी झालेली प्लेट घेऊन आली. "सर, नायट्रिक ऑक्साइड भरपूर आलंय!" मी विचारलं, "बिनगोगलगायीचा बीकर कुठाय?" तो नव्हता. कधीच नसतो.

प्लेट गुलाबी करणारी ही ग्रीस चाचणी नायट्रिक ऑक्साइड मोजतच नाही. हा वायू पेशीत जेमतेम काही सेकंद टिकतो. पाण्यातल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचं नायट्राइट होतं आणि रंग येतो तो नायट्राइटचा. ते आलं कुठून, याच्याशी चाचणीला देणंघेणं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलाने लिम्निया या डबक्यातल्या गोगलगायीचे दोन गट केले, एक उपाशी, एक पालक खाऊन पोटभर. खाणाऱ्यांचं पाणी गडद गुलाबी. लिम्नियाच्या खाण्यात नायट्रिक ऑक्साइडचा हात आहे हे १९९०च्या दशकातच दाखवलं गेलंय, त्यामुळे निकाल हवा तसाच आला. पोरगा खूश, मीही खूश, पेढेसुद्धा वाटून झाले. मग सहज म्हणून एका बीकरमध्ये नुसतं पालकाचं पान टाकून ठेवलं. तेही गुलाबी! जुडी नाशकातल्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातली. पालकात नायट्रेट भरपूर, आणि आमच्या पद्धतीत व्हॅनेडियम क्लोराइडने नायट्रेटचं नायट्राइट करायची पायरी होती. त्यात टाकीतलं पाणी द्राक्षबागेतल्या विहिरीचं, म्हणजे खताचं नायट्रेट फुकटात. तीन महिने आम्ही पालक मोजत होतो. पेढे परत घेता येत नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला बीकर गोगलगायीविना. तेच पाणी, तेच पान, तेवढेच तास. मोजणीआधी गोगलगायी एक दिवस स्वच्छ पाण्यात, उपाशी. नुसतं आरओचं पाणी मात्र नको, शंखाला कॅल्शियम लागतं. नवी टाकी असेल तर महिनाभर थांबा. सुरुवातीला जिवाणू विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट करत असतात, ते पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मागाहून वाढतात. पण थांबायचं कोणाला? सगळा पी हळद नि हो गोरी कारभार.

त्याच डबक्यातली चपटी, चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगाय उचलून लिम्नियाशी तुलना करू नका. तिचं रक्त लाल असतं, त्यात हिमोग्लोबिन. ते नायट्रिक ऑक्साइड गिळून त्याचं नायट्रेट करतं. वर ५४१ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतं, आणि ग्रीसचं रीडिंग आपण घेतो ५४०ला. लिम्नियात हिमोसायनिन, म्हणजे तांब्याचं निळसर रक्तद्रव्य, तिथे ही भानगड नाही.

आता निळा रंग. एनएडीपीएच-डायफोरेज स्टेन केला, गॅंग्लियात, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, निळ्या पेशी दिसल्या की "एनओएस सापडलं" म्हणून फोटो पाठवतात. एनओएस म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सिंथेस. हे विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्यासाठी एनएडीपीएच हे इलेक्ट्रॉन पुरवणारं सहविकर वापरतं, आणि तेच एनएडीपीएच वापरून स्टेनमधल्या टेट्राझोलियमचा निळा रंगही उमटवतं. पण तसा रंग इतरही बरीच विकरं उमटवतात. ऊती टिकवायला पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स केल्यावर त्यातली बहुतेक मरतात, एनओएसचा डायफोरेज गुण तगतो. सगळा भरवसा या फिक्सिंगवर, आणि आमचे वीर तेच अर्ध्या तासात उरकतात! मी एकाच दिवशी एक, दोन, चार तासांचे तुकडे करतो, शिवाय एक सेक्शन एनएडीपीएचशिवाय. तोही निळा झाला, तर सगळी बॅच कचऱ्यात. चारही सेक्शन नीट आले तरी मी "डायफोरेज-पॉझिटिव्ह पेशी" एवढंच लिहू देतो. एनओएस म्हणायचं तर सोबत जनुकाचा किंवा सिट्रुलिनचा पुरावा आणा.

एनओएस रोखणारं एल-नेम दिलं, खाणं थांबलं, झालं सिद्ध? त्याच्या आरशातल्या निष्क्रिय जुळ्याचा, डी-नेमचा, गट कुठाय? शिवाय एल-नेम हा एस्टर आहे. पेशीतल्या एस्टरेजने तो तुटल्यावर खरा अडथळा सुरू होतो, पाच मिनिटांत निकाल मागू नका.

उंदराच्या एनओएसची तीन नावं, न्यूरोनल, एंडोथेलियल, इंड्युसिबल, गोगलगायीला चिकटवू नका. ती पृष्ठवंशी प्राण्यांच्या जनुकांची आहेत.

आणि नायट्रिकला नायट्रस म्हणू नका. नायट्रस ऑक्साइड म्हणजे भुलीचा, हसवणारा वायू. तोंडी परीक्षेत दरवर्षी एकजण तरी हसवतो.

आणि नायट्रिक ऑक्साइड पुरवायला वापरतात त्या सोडियम नायट्रोप्रुसाइडची बाटली खिडकीत ठेवू नका. उजेडाने त्यातून सायनाइड सुटतं, मग गोगलगाय कशाने गप्प झाली ते शोधत बसा. द्रावण रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. हिरवट-निळसर झालेलं द्रावण टाकून द्या, पण सिंकमध्ये नाही, कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत.